राखेतले गेंडे कसे बघावेत: एका गुरांच्या डॉक्टरचा सल्ला

एकतीस वर्षं मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली. मेलेलं जनावर मला नवं नाही. तरीही अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, अ‍ॅशफॉल नावाच्या जीवाश्मांच्या उद्यानातल्या शेडमध्ये कठड्याला टेकून खाली बघितलं तेव्हा पहिली दोन मिनिटं तोंडातून शब्द फुटला नाही. खाली गेंडे पडले होते. एकमेकांना खेटून, पाय अंगाखाली घेऊन, दुष्काळी छावणीत रात्री गुरं बसतात ना, अगदी तसे. एका मादीला बिलगून तिचं पिल्लू. जणू काल संध्याकाळी बसले आणि सकाळी उठलेच नाहीत. मधे गेली होती सुमारे १ कोटी १८ लाख वर्षं.

मुलगा त्याच राज्यातल्या ओमाहा शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो की करायचं काय, हा प्रश्न आमच्यासारख्या सगळ्या आईबापांना पडतो. चारी बाजूंना मका आणि सोयाबीन. मॉल एकदा बघून होतो. आमची सौ. तर म्हणाली होती, "हाडं बघायला तीन तास गाडीत बसायचं? हाडं बघण्यात जन्म गेला की तुमचा." आता तीच पाहुण्यांना घेऊन जा म्हणते. मी तीनदा गेलो. त्यातली एक फेरी माझ्याच मूर्खपणामुळे फुकट गेली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऊन छान पडलंय म्हणून आम्ही निघालो. पोचलो तर बंद. वारा असा की गाडीचं दार हातातून सुटत होतं. ही जागा साधारण मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडी असते. त्यातही जून ते ऑगस्ट सोडले तर आठवड्यातले काही दिवस सुट्टी असते आणि वेळही कमी असते. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर तारीख, वार आणि वेळ तिन्ही बघा. वार विसरू नका.

जागेचं पूर्ण नाव अ‍ॅशफॉल फॉसिल बेड्स स्टेट हिस्टॉरिकल पार्क. अँटेलोप काउंटीत रॉयल नावाचं चिमुकलं गाव आहे, नाव राजेशाही आणि घरं हाताच्या बोटांवर. हायवे २० वर रॉयलच्या पश्चिमेला दोन मैल गेलं की उत्तरेकडे फाटा फुटतो आणि त्यावर सहा मैल आत. ओमाहाहून नॉर्फोक, तिथून नीली असा रस्ता आहे. इंग्रजी पाटीवर नीलीची अक्षरं वाचून भलतंच काही म्हणाल, पण उच्चार नीलीच. तिथेच पेट्रोल भरून घ्या. पुढे पंप असतील किंवा नसतील, त्यांच्या भरवशावर राहू नये. जेवणाचा डबा आणि पाणी बरोबर हवंच, शाकाहारी माणसाने तर जास्तच. मोबाइलची रेंज शेवटच्या टप्प्यात रुसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पैसे दोन ठिकाणी लागतात, हे माहीत नसलं की दारात वाद होतो. गाडीला राज्याच्या उद्यानांचा परवाना लागतो आणि माणशी प्रवेश शुल्क वेगळं. बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट असेल तर परवाना महाग पडतो. दोन्ही आकडे बदलत असतात, तेही संकेतस्थळावर बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक तिथे अर्ध्या तासात बघून बाहेर पडतात. "हां, गेंडे. हां, घोडे. चला." मी त्यांना दोष देत नाही, कारण काय बघायचं हे ठाऊक नसेल तर हाडांचा सडा हा हाडांचा सडाच दिसतो. जाण्याआधी घडलेली हकीकत डोक्यात पक्की करा. मग तिथे गेल्यावर तुम्ही शवविच्छेदनाला उभ्या असलेल्या डॉक्टरसारखे बघाल.

हकीकत अशी. त्या काळी इथे आफ्रिकेतल्यासारखी गवताळ माळरानं होती. मधूनमधून झाडं आणि एक पाणवठा. हवा आजच्यासारखी हाडं गोठवणारी नव्हती. तिथे महाकाय कासवांचे अवशेष मिळतात, आणि असलं कासव गोठणाऱ्या थंडीत तग धरत नाही. आज फक्त आफ्रिकेत उरलेल्या तुरेवाल्या क्रौंच पक्ष्यांचे भाऊबंदही इथे सापडलेत. मग पश्चिमेला सुमारे १,६०० किलोमीटरवर, आजच्या आयडाहो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्रूनो-जारबिज नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त अंतर झालं हे. जमिनीखालच्या ज्या उष्ण प्रवाहामुळे तो फुटला, त्याच्यावर आज यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बसलेलं आहे. वाऱ्याबरोबर राख आली आणि साधारण फूटभर जाडीचा थर सगळ्या माळावर बसला. ती नंतर वाऱ्याने उडून पाणवठ्याच्या खड्ड्यात साचत गेली, काही ठिकाणी अडीच-तीन मीटरपर्यंत.

ज्वालामुखी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लाव्हा येतो, जनावरं होरपळून मेली असं वाटतं. इथे तसं काहीच झालं नाही. राखेने एकही जनावर भाजलं नाही. ती त्यांनी श्वासातून घेतली.

राख हा शब्दच फसवा आहे. आमच्या लहानपणी आई चुलीच्या राखेने भांडी घासायची. ती मऊ राख, जळालेल्या लाकडाची. ज्वालामुखीची राख म्हणजे काचेचं पीठ. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण फुटक्या बल्बच्या तुकड्यांसारखे टोकदार दिसतात. आणि गंमत म्हणजे नेब्रास्कातली ज्वालामुखीची राख एके काळी खणून भांडी घासायच्या पावडरीत घालत असत. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळही ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तो किती जुना यावर जाणकारांची अजून भांडणं चालू आहेत. असो, विषय नेब्रास्काचा.

तर हे काचेचं पीठ गवतावर बसलं. जनावर गवताला तोंड लावणार, प्रत्येक घासाला राख नाकात जाणार. लहान जनावरं लगेच गेली, मोठी काही आठवड्यांनी. फुफ्फुस बिघडलं की अंगात ताप भरतो, आणि तापलेलं जनावर पाण्याकडे ओढ घेतं. म्हशीला ताप आला की ती डबकं शोधते, हे कुठल्याही गवळ्याला विचारा. म्हणून सगळी त्या एका पाणवठ्यावर येऊन मेली, आणि उडत येणाऱ्या राखेने त्यांना जागच्या जागी झाकून टाकलं.

हे डोक्यात ठेवून राइनो बार्नमध्ये शिरा. बार्न म्हणजे गोठाच की. गेंड्यांचा गोठा. आजचा गोठा २००९ साली बांधलेला, १७,५०० चौरस फुटांचा. आधी लहानसा होता. खोदकामावर छप्पर घातलंय आणि तुम्ही लाकडी मार्गावरून फिरत खाली बघता. सांगाडे काढून मांडलेले नाहीत, जिथे सापडले तिथेच ठेवलेत. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या. मी पहिल्यांदा नेली नव्हती आणि फार हळहळलो.

बघण्याचा क्रम: खालून वर. राखेच्या थरांतच मरणाचा क्रम लिहिलेला आहे. सगळ्यात खाली कासवं, पक्षी, चिमुकली कस्तुरीमृगासारखी सुळेवाली हरणं. हे पहिल्या झटक्यात गेले. त्यांच्या वर घोडे आणि उंट. सर्वात वर गेंडे. घोड्यांचे बरेच सांगाडे मोडलेले, विखुरलेले दिसतील. ते पाहून "नीट जपलं नाही" असं म्हणू नका. घोडे आधी मेले, त्यांच्या अंगावरून नंतर आलेले गेंडे तुडवत गेले. गेंड्यांना तुडवायला मागे कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते अखंड आहेत. एवढं कळलं की समोरचं चित्र हलायला लागतं.

मग एकच गेंडा निवडा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं थांबा. खरंच थांबा. या जातीचं नाव टेलिओसेरस. ढोलासारखं पोट आणि आखूड पाय, लांबून पाणघोडाच वाटावा. आजवर इथे शंभराहून जास्त गेंडे मिळालेत. छातीचा पिंजरा बघा, बरगड्या चपटलेल्या नाहीत. राखेने त्यांना आतून-बाहेरून आधार दिला. जबडा बघा. मला सगळ्यात भावलं ते घशातलं हाड, ज्याच्यावर जीभ टांगलेली असते ते. हे हाड इतकं नाजूक की ताज्या मढ्यातही काढताना तुटतं. काही गेंड्यांमध्ये ते जागच्या जागी सापडलंय. आणि तोंडात, घशाशी गवताच्या बिया. शेवटचा घास. त्यावरून ते गवत खात होते याचा वादच मिटला.

नर कोणता, मादी कोणती? खालच्या जबड्यातले सुळे बघा. नराचे मोठे, मादीचे बारीक. या कळपात प्रौढ माद्या आणि त्यांची वासरं जास्त, मोठे नर मोजके. एखाद्या मादीच्या पोटात न जन्मलेल्या पिल्लाची हाडंही मिळालीत. वासरांच्या दातांवरून त्यांची वयं काढली तर ती सलग येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. म्हणजे विण्याचा हंगाम ठरलेला होता. दातावरून वय काढणं हे तर माझं रोजचं काम, बाजारात बैल घेणारा प्रत्येक शेतकरीही तेच करतो. त्यामुळे हा पुरावा मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. कौतुक मात्र फार वाटलं.

घोड्यांकडे जाल तेव्हा पाय बघा. इथे पाच जातींचे घोडे आहेत. काहींच्या मुख्य खुराच्या दोन्ही बाजूंना छोटी बोटं आहेत, म्हणजे तीन बोटांचे घोडे, आणि त्यांच्याच शेजारी एका खुराचे. शाळेच्या पुस्तकात घोड्याची उत्क्रांती एका रांगेत काढलेली असते, आधी लहान, मग मोठा, आधी बोटं, मग खूर. इथे ती रांग मोडते, कारण दोघं एकाच डबक्यावर पाणी प्यायला आलेले आहेत. आजच्या घोड्याच्या नळीच्या हाडाला मागून चिकटलेल्या दोन बारीक काड्या असतात, ती त्या जुन्या बोटांची निशाणी. टांग्याचा घोडा लंगडायला लागला की आम्ही तिथेच चाचपायचो.

उंट बघून नातीने विचारलं, "आजोबा, उंट तर राजस्थानात असतात ना?" उलट आहे. उंटांचं कूळ मूळ उत्तर अमेरिकेतलं, बाकी जगात ते इथून गेलं आणि इथलं संपलं. घोडाही इथलाच. तो दहा-बारा हजार वर्षांपूर्वी इथून नाहीसा झाला आणि स्पॅनिश लोकांनी जहाजातून परत आणला.

आता खरा पंचनामा. ही जनावरं फुफ्फुसाने मेली हे कशावरून? फुफ्फुस तर उरत नाही. उत्तर हाडांवर आहे. कित्येक सांगाड्यांच्या पायांच्या हाडांवर आणि जबड्यांवर खरबरीत, पापुद्र्यासारखं नवं हाड चढलेलं दिसतं. फुफ्फुसाचा आजार लांबला की शरीर असं करतं. कॉलेजात असताना छातीत गाठ झालेल्या एका कुत्र्याचा एक्स-रे आम्हाला दाखवला होता, त्याच्या पायाच्या हाडांवर हीच वाढ. चाळीस वर्षांनी तीच खूण गेंड्याच्या पायावर भेटली. मी मुलाला ती दाखवत होतो तर खाली काम करणारी एक विद्यार्थिनी वर बघून हसली. मी गुरांचा डॉक्टर आहे म्हटल्यावर तिने वीस मिनिटं मला सोडलं नाही.

म्हणून सांगतो: खाली ब्रश आणि बारीक हत्यारं घेऊन बसलेली पोरं दिसली की प्रश्न विचारा. ती बहुतेक विद्यार्थीच असतात, उन्हाळ्यात इथे राख खरवडतात. लाजू नका, इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. "हे किती जुनं?" असं विचारू नका, ते पाटीवर लिहिलंय. "आज काय सापडलं?" असं विचारा. "हे हाड कुणाचं हे कसं कळलं?" असं विचारा. "या हाडावर दातांच्या खुणा आहेत का?" हाही चांगला प्रश्न, कारण मेलेल्या जनावरांवर हाडं फोडून खाणारे कुत्रे येऊन गेल्याचे पुरावे आहेत.

ही जागा कशी सापडली तेही थोडक्यात. मायकेल वूरहीस हे जीवाश्मशास्त्रज्ञ जवळच्याच ऑर्चर्ड गावचे. १९७१ मध्ये ते पत्नी जेनबरोबर या भागात फिरत असताना मक्याच्या शेताकडेच्या एका ओघळीत त्यांना गेंड्याच्या पिल्लाची कवटी दिसली. खणत गेले तर कवटीमागे मान आणि मानेमागे सगळं अंग. १९७०च्या दशकाच्या अखेरीस नेब्रास्का विद्यापीठाच्या संग्रहालयाने मोठं खोदकाम केलं आणि बरेच सांगाडे राज्याच्या राजधानीत, लिंकनला नेले. १९९१ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. मुद्दाम बाहेर पडून ती ओघळ असलेली उतरण बघा. अशा शेताच्या बांधावरून आपण आयुष्यभर चाललो, खाली कधी बघितलं?

लिंकनमध्ये राहत असाल किंवा वाटेत थांबणार असाल तर विद्यापीठाच्या मॉरिल हॉलमधलं संग्रहालय आधी बघा. हत्ती आणि मॅमथ यांचे उभे सांगाडे तिथे ओळीने आहेत, आर्ची नावाचा मॅमथ तर छताला टेकेल असा. उभा सांगाडा आधी बघितला की पडलेला ओळखायला सोपं जातं. आमच्याकडेही विद्यार्थ्याला आधी उभं जनावर शिकवतात, मग टेबलावरचं.

हवेचं सांगायचं तर मे-जूनमध्ये या सपाटीवर दुपारनंतर वादळं उठतात, टोर्नेडोचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरत्या वादळाचे, इशारे येतात. आकाश हिरवट झालं तर "आता निघू" म्हणत बसू नका, तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. जुलै-ऑगस्टचं ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देतं. आम्ही दोघं म्हातारी सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलो तो दिवस सगळ्यात सुखाचा होता. मका पिवळा पडलेला, गर्दी नाही. फक्त वार बघून जा, परत सांगतो.

दगड किंवा हाडाचा तुकडा खिशात घालायचा नाही. उद्यानात तो गुन्हा आहे, केंद्र सरकारच्या जमिनीवर तर जीवाश्मांसाठी २००९ सालचा वेगळा कायदाच आहे. कुंपणापलीकडची शेतं खासगी मालकीची आहेत, तिथे पाऊल टाकू नका. नातीला हे पटवताना मी जिकिरीला आलो. शेवटी दुकानातून प्लॅस्टिकचा गेंडा घ्यावा लागला.

हाताशी आणखी दोन दिवस असतील तर हायवे २० धरून थेट पश्चिमेला जा. सुमारे साडेतीनशे मैलांवर, हॅरिसन गावाच्या दक्षिणेला, अ‍ॅगेट फॉसिल बेड्स हे राष्ट्रीय स्मारक आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. वाटेत व्हॅलेंटाइन गावी मुक्काम करा, एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका. पण एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, नाहीतर मला शिव्या द्याल: तिथे जमिनीत पडलेले सांगाडे दिसत नाहीत. जिथून हाडं काढली त्या दोन टेकड्या दिसतात आणि हाडं तिथल्या माहिती केंद्राच्या दालनात. अ‍ॅशफॉल बघून मग अ‍ॅगेटला गेलात तर टेकडी बघून मन ती भरून काढतं. उलट क्रमाने गेलात तर टेकडी ही टेकडीच.

अ‍ॅगेटची जनावरं आणखी जुनी, दोन कोटी वर्षांच्या आसपासची. तिथे मृत्यू राखेने नाही, दुष्काळाने आणला. आटत्या पाण्याभोवती मेनोसेरस हे छोटे गेंडे शेकड्यांनी मेले. त्यांच्या नरांना नाकावर एकामागे एक नाही तर शेजारी-शेजारी दोन शिंगं असायची. घोड्याचा लांबचा नातलग पण पायाला नख्या असलेला मोरोपस तिथे बघा, पशुवैद्य असाल तर रात्री झोप लागणार नाही. नख्यांना नाल कशी ठोकणार! पार्किंगपासून टेकड्यांपर्यंतचा रस्ता जाऊन-येऊन साडेचार किलोमीटरच्या आत आहे, सावली अजिबात नाही.

पाय दुखत असतील तर तो सोडा आणि डीमोनेलिक्सची छोटी वाट धरा, दीडेक किलोमीटरची. तिथे खडकात बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखे उभे वेटोळे दिसतात, माणसाहून उंच. १८९२ मध्ये बार्बर या शास्त्रज्ञाने त्यांना सैतानाचा स्क्रू असं नाव दिलं, तेव्हा ती कुठली तरी वनस्पती असावी असं वाटत होतं. पुढे वेटोळ्याच्या तळाशी प्राण्याचे सांगाडे मिळाले आणि ते पॅलिओकास्टर नावाच्या जमिनीवर राहणाऱ्या छोट्या बीव्हरचं, म्हणजे उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्याचं, बीळ निघालं. याच परिसरातल्या जेम्स कुक यांच्या रँचवर लकोटा या मूळ अमेरिकी जमातीचा सरदार रेड क्लाउड येत असे. त्याने आणि त्याच्या लोकांनी दिलेल्या भेटवस्तू केंद्रात मांडल्यात. हाडं बघून कंटाळलेल्या माणसाला तिकडे सोडून द्या.

वाट सोडून गवतात शिरू नका, तिथे खुळखुळ्या साप असतात. आवाज आला की आहे त्या जागी थांबा, तो कुठे आहे ते बघा आणि मागे सरका.

आणखी एक. राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे जातं. मला मुलाने सांगितलं होतं, मी विसरलो. नऊ वाजले म्हणून धावतपळत पोचलो तर तिथे आठ. केंद्राला कुलूप. मग आम्ही दोघांनी गाडीच्या टपावर डबा उघडला आणि थालीपीठ खात त्या दोन टेकड्यांकडे बघत बसलो. सौ. म्हणाली, "त्या डाव्या टेकडीत किती असतील अजून?"